अडीच हात तुराटी

माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त कुणाचं देणं लागत असेन तर ते माझ्या मोठीमायचं. मोठीमाय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि लोक विचारतात तेव्हा मी सांगतो की मला पदवीपर्यंत मोठीमायनं पोचवलं. ऐकणाऱ्याला वाटतं, मी अलंकारिक बोलतोय. तसं नाही. मी राहायचो ते तिचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, माझं कॉलेज मोर्णा नदीच्या पलीकडे, आणि मधल्या रस्त्यावर दोन्ही अंगांनी उभ्या केलेल्या मोटारी. त्यांच्या बाजूनं सायकल चालवत, सगळी हाडं जागच्या जागी ठेवून वर्गात कसं पोचायचं, हे तिनं मला शिकवलं. बाकीचं प्राध्यापकांनी शिकवलं.

मी मूळचा हिवरखेडचा. आमच्याकडे सायकल सगळ्यांनाच येते, पण ती गावच्या रस्त्याची सायकल. समोरून एस.टी. आली की सायकल डांबरावरून उतरवायची, काळ्या मातीत उभी करायची आणि धूळ बसेपर्यंत डोळे मिटून घ्यायचे. मोठ्या गाडीला रस्ता देणं हा आमच्याकडे शिष्टाचार. तोच शिष्टाचार घेऊन मी अकोल्यात आलो. मागून मोटारीचा आवाज आला की मी सायकल डावीकडे दाबायचो, आणखी आवाज आला की आणखी दाबायचो. शहरात डावीकडे काळी माती नव्हती, उभ्या मोटारी होत्या. त्यांना खेटून, हँडल त्यांच्या आरशांपासून वितीभर ठेवून मी अदबीनं जायचो. मला वाटायचं, उभी गाडी म्हणजे भिंत. भिंत काय करणार आहे?

पाचव्या दिवशी भिंतीला दार फुटलं. पांढऱ्या मोटारीचं पुढचं दार एकदम उघडलं आणि मी त्याच्यावरून पलीकडे गेलो. वह्या एकीकडे, चप्पल दुसरीकडे, ढोपर सोललेलं. मोटारवाला खाली उतरला. त्यानं आधी दार पाहिलं, दारावर बोट फिरवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि मी, हिवरखेडचा शिस्तीत वाढलेला मुलगा, दोन्ही हात जोडून म्हणालो, "साहेब, चुकलं."

नेमकी त्याच वेळी मोठीमाय तिथून चालली होती. ती फुलं विकते. पहाटे बाजारातून झेंडू, शेवंती, गुलछडी घ्यायची, हार करायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून सायकलच्या मागच्या टोपलीत ठेवायचे आणि ठरलेल्या घरी, दुकानी पोचते करायचे. चाळीस-एक वर्षं हेच काम, आणि सगळं सायकलवर. लुगड्याचा काठ साखळीत जाऊ नये म्हणून ती तो कमरेला खोचते, आणि एकदा खोचला की जुन्या शहरातले रिक्षावालेही तिला वाट देतात.

तिनं सायकल लावली आणि विचारलं, "दार कोनाचं?"

"त्यांचं," मी म्हणालो.

"ढोपर कोनाचं?"

"माझं."

"मंग माफी कोन मागून रायलं बाप्पा?" एवढं मला म्हणून ती मोटारवाल्याकडे वळली. "अन् तुमी हो भाऊ! दाराले बोट लावून पाहून रायले, पोट्ट्याले लावून पाहा नं! रंग निघाला का त्याचा?"

मोटारवाल्यानं माझ्या वह्या गोळा करून दिल्या. माझी शिकवणी दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू झाली.

ती पुढे, मी मागे. मोठीमायची सायकल उभ्या मोटारींपासून चांगली दूर, जवळजवळ रस्त्याच्या मधून चालायची. आणि तिच्या कॅरिअरला डाव्या बाजूनं एक तुराटी आडवी बांधलेली असायची. तुरी काढल्यावर शेतात उरतं ते वाळकं झाड म्हणजे तुराटी. आमच्याकडे ती कुंपणाला आणि चुलीला जाते. मोठीमायची तुराटी बाजारात जायची. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं ती अशी बांधलेली की काही लागलं तर मागे दुमडावी, आणि फारच लागलं तर तुटावी. टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, चिंधीत एक झेंडूचं फूल. लांबी अडीच हात. मोटारीचं दार पूर्ण उघडलं तर जेवढं बाहेर येतं तेवढीच. तुराटीचं टोक उभ्या मोटारीला लागणार नाही असं चालवलं की मोठीमाय कुठल्याच दाराच्या टप्प्यात येत नसे. गाड्या नसलेल्या रस्त्याला लागलं की ती तुराटी फिरवून सायकलीच्या लांबीत घ्यायची.

"मोठीमाय, मागचे लोक हॉर्न वाजवतात," मी पहिल्याच दिवशी कुरकुरलो.

"वाजवू दे. हॉर्न कानाले लागते, दार ढोपराले लागते. तुले काय पायजे?"

"पण काठीचा राग येत असेल लोकांना."

"काठीचा राग नाई, रंगाची भीती," ती म्हणाली आणि खुशीत घंटी वाजवली. "मानसाले लागन म्हनून कोनी मांगं पाहत नाई रे. गाडीले वरखडा येईन म्हनून सारे पायतात. चिंधी त्यायले दिसत नाई. काठीच दिसते. मी काय करू?"

खरंच होतं ते. तिची तुराटी दिसली की उघडू लागलेली दारं आतल्या आत मिटायची. त्या चिंधीनं आजवर कुणाच्या गाडीवर रेघसुद्धा ओढलेली नव्हती, पण हे मोठीमाय कुणाला सांगत नसे.

उभ्या मोटारी वाचायलाही तिनंच शिकवलं. मागच्या काचेतून डोकं दिसतं का, ते आधी पाहायचं. डोकं नसलं तरी दिव्यांकडे पाहायचं. आत्ताच विझले असतील तर आतला माणूस वाकून काहीतरी शोधतोय आणि आता उतरणार. पुढचं चाक वळलेलं असेल तर गाडीच निघणार. डोकं असेल तर आरशात गाल पाहायचा. हे गालाचं शास्त्र खास आमच्या भागातलं आहे. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात धरलेला माणूस बोलत नाही, घंटी ऐकत नाही, आणि थुंकायला म्हणून कुठल्याही क्षणी दार उघडतो. "गाल फुगलेला दिसला का दोन हात आनखी दूर," मोठीमाय म्हणायची. "दारापासून बी, अन् पिचकारीपासून बी."

पण तिच्या मते सगळ्यांत धोक्याचा माणूस म्हणजे कापड दुकानासमोर मोटारीत बसलेला नवरा. एकदा आम्ही अशा एका गाडीच्या मागे सायकली थांबवून उभे होतो. तिनं मला हळूच दाखवलं. "पाय. बायको आत साड्या पाहून रायली. हा आर्धा घंटा झाला घामेघूम होऊन रायला. आता ह्याचा मोबाईल बी पाहून झाला. हा दार उघडते का नाई पाय."

आम्ही पाहत राहिलो. त्यानं टाळू पुसली, घड्याळ पाहिलं, दुकानाकडे पाहिलं आणि मागे न बघता दार सताड उघडलं.

"नमस्कार भाऊ," मोठीमाय बाजूनं जाताना म्हणाली. "दोनच साड्या राहिल्या म्हनते पाहाच्या."

तो बिचारा "हो का?" म्हणून पुन्हा आत बसला.

तीन वर्षं मी तिच्याबरोबर पहाटे हार पोचवले आणि मग तसाच कॉलेजात गेलो. माझ्याही सायकलला तुराटी होती. मुलं हसायची. मला 'नांगर' म्हणायची. पण त्या हसणाऱ्यांतल्या दोघांची ढोपरं फुटली आणि मी शेवटच्या परीक्षेलाही धडधाकट पोचलो. तुराट्या वडील पाठवायचे. तुरी निघाल्या की सरळ बघून दहा-बारा निवडायचे आणि अकोल्याच्या एस.टी.त मोळी चढवायचे. वाहकाशी दर वर्षी तेच भांडण. तो म्हणायचा, अकोल्यात काय गॅस मिळत नाही? वडील म्हणायचे, पोराच्या शिक्षणाचं सामान आहे.

पुढे मी अमरावतीला शिक्षक झालो. संसार झाला. आणि मागच्या वर्षी मी मोटार घेतली. सेकंडहँडच, पण माझी. हे सांगताना मला अजून थोडं लाजल्यासारखं होतं, आणि पुढची गोष्ट सांगताना तर पुष्कळच.

एका गुरुवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे मोठीमायचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तोही फुलांच्याच धंद्यात, त्याचा छोटा टेम्पो आहे.

"बाबू, मायची सायकल इकून टाकतो म्हनतो," तो म्हणाला. "गिऱ्हाईक पाहून ठेवलं. पुढच्या पंधरवड्यात नेते म्हने तो."

"काहून? पडली का?"

"नाई पडली. पडन म्हून. वय पाय नं तिचं. रस्ता पाय. हार मी टेम्पोनं पोचवीन, तिनं घरी बसून गुंफावे. मी म्हनलं तं तीन दिवस बोलली नाई माह्याशी. तू शिकलेला. तुहं ऐकते ते. रविवारी ये अन् समजाव."

दादाचं चुकत नव्हतं. त्याच्या आवाजावरून कळत होतं की तो धंद्यासाठी बोलत नाहीये, आईसाठी बोलतोय. पण मोठीमायच्या सायकलशिवाय मोठीमाय कशी दिसेल, हे माझ्या डोळ्यांसमोर येईना. त्या ठरलेल्या घरांत ती नुसती फुलं देत नाही. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचं गुडघेदुखीचं तेल, कुणाच्या घरी कोण कुणाशी बोलत नाही, सगळं पाहत येते. टेम्पोनं हार पोचले असते. मोठीमाय ओसरीत राहिली असती.

तरी मी हो म्हणालो. शिकलेल्या माणसाची ही एक अडचण असते. समजावून सांग म्हटलं की त्याला आधी बरं वाटतं, आणि कुणाच्या बाजूनं समजावायचं याचा विचार तो नंतर करतो.

रविवारी सकाळी मी मोटारीनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत मुद्दे तयार झाले होते. वय, रस्ता, वाढलेल्या गाड्या, सगळं क्रमानं. आदल्याच आठवड्यात शाळेत मी रस्ता सुरक्षेवर भाषण दिलं होतं, त्यातलीही दोन वाक्यं घेतली. अकोल्यात पोचलो तेव्हा मोठीमायची परतायची वेळ झाली होती. ती पुलाकडून येते हे मला पाठ होतं. म्हणून मी मिठाईच्या दुकानासमोर, रस्त्याच्या डाव्या कडेला मोटार लावली आणि समोर, पुलाकडे नजर लावून बसलो. घरी जाण्याआधी तिला इथेच गाठायचं आणि पेढे देऊन सुरुवात करायची, असा माझा बेत होता.

थोड्या वेळानं पुलाच्या बाजूनं हिरव्या लुगड्यातली एक बाई सायकलवर येताना दिसली. मला वाटलं, आलीच. आनंदानं मी उजव्या हातानं दार उघडलं.

कट् असा आवाज झाला.

झेंडूचं एक फूल माझ्या मांडीवर येऊन पडलं. त्याला लुगड्याची चिंधी होती.

मी मान वळवायच्या आतच मागून आवाज आला, "कोन हाय बे तो आंधया?"

हिरव्या लुगड्यातली बाई दुसरीच कुणीतरी होती. मोठीमायनं त्या दिवशी नवं गिऱ्हाईक जोडलं होतं आणि ती उलट्या बाजूनं, माझ्या मागून येत होती. आता ती एक पाय जमिनीला टेकवून उभी होती. पडली नव्हती. साधा तोलही गेला नव्हता. माझं दार आणि तिची टोपली यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. कॅरिअरला तुराटीचं अर्धं खोड लोंबत होतं.

मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. मग तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पुतण्या भेटल्याचा नव्हता.

"बाप्पा! मास्तर!" ती रस्त्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमी होय!"

"मोठीमाय, लागलं का गं?" मी खाली उतरलो. चार बोटं कमी असती तर काय झालं असतं, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

मिठाईवाला धावत बाहेर आला. "मावशी, गाडीले वरखडा नाई नं आला?" त्यानं विचारलं.

"पाय," मोठीमाय मला म्हणाली. "काय सांगत होती मी?"

मग तिनं माझ्या दाराची पाहणी केली. हातानं मापलं. "हे दार लांब हाय," ती नाराजीनं म्हणाली. "जुन्या गाड्यायचं असं नव्हतं. कोनत्या हातानं उघडलं?"

"उजव्या."

"म्हनूनच. डाव्यानं उघडून पाय."

मी आत बसलो. दार ओढून घेतलं आणि डावा हात आडवा नेऊन कडी धरली. तसं करताना खांदा वळला, खांद्याबरोबर मान वळली, आणि मागचा सगळा रस्ता मला आपोआप दिसला. त्यात कमरेवर हात ठेवून मोठीमाय उभी होती.

"दिसली का आता?"

"दिसली."

"देवाले फूल देतानी उजवा हात. दार उघडतानी डावा. एवढं बी नाई शिकवलं का तुमाले त्या कॉलेजात?"

घरी दादा वाटच पाहत होता. मी पेढे ठेवले. "बोलला का मायशी?" त्यानं डोळ्यांनी विचारलं. मोठीमायनंच उत्तर दिलं. आत पाणी आणायला जाता जाता म्हणाली, "त्यालेच इचार. आज माह्या अंगावर दार कोनी उघडलं ते."

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दादा ऐकत गेला आणि त्याचा चेहरा गंभीर होत गेला. मला वाटलं होतं तो हसेल.

"हेच तं मी म्हनतो," तो म्हणाला. "आज आपला होता. उद्या दुसरा राहीन. मी गिऱ्हाइकाले येत्या रविवारीच बोलावतो."

माझ्या दारानं मोठीमायची सायकल विकली जाणार होती. तयार करून आणलेले माझे सगळे मुद्दे दादाच्या बाजूनं उभे होते आणि मला त्यातला एकही तोंडातून काढावासा वाटेना.

मोठीमाय पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. आता ती चेष्टेत नव्हती. "सायकलनं काय केलं सांग," ती मुलाला म्हणाली. "मी सरय चालली होती. दूर चालली होती. चूक दाराची. तं दार काहून नाई इकत तुमी?"

दादा म्हणाला, "माय, मले भेव लागते." एवढंच. तिनं तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

जरा वेळानं दादाच हसला, वातावरण हलकं करायला. "बरं. हा मास्तर गल्लीतल्या साऱ्यायचे अर्ज लिवत होता. ह्याले लिहून देऊ दे का सायकल काहून ठेवाची. मले पटलं तं ठेवू."

मी कॉलेजात असताना खरंच सगळ्या गल्लीचे अर्ज लिहायचो. रेशन कार्ड, नळ, लाईट, सगळे. मोठीमायनं ते बोलणं हवेतल्या हवेत झेललं.

"देईन तो," ती म्हणाली. "पोस्टानं देईन. पोस्टमनच्या हातानं येऊ दे, गल्लीले बी दिसलं पायजे. अन् मोठ्या अक्षरात लिवजो रे, नाईतं हा वाचतानी मधलं सोडून देते अन् म्हनते दिसलंच नाई."

अमरावतीला परत येताना मी वाटेत दोनदा थांबलो. दोन्ही वेळा दार डाव्या हातानं उघडलं, मागे कुणीही नसताना.

पत्राचं मूळ आता तिच्या घरी ओसरीतल्या भिंतीला चिकटवलेलं आहे, सायकलच्या बरोबर वर. माझ्याकडे झेरॉक्स आहे, ती पुढे देतो.

प्रति,
मोठीमाय,
जुने शहर, अकोला.

विषय : सायकल न विकण्याबाबत.

मोठीमायस साष्टांग नमस्कार.

अर्ज करतो की, गेल्या रविवारी मी मागे न पाहता, उजव्या हाताने मोटारीचे दार उघडले व तुझी तुराटी मोडली. चूक पूर्णपणे माझी आहे. सायकल सरळ होती, अंतर बरोबर होते, आणि तू पडली नाहीस हा त्याचा पुरावा आहे. ज्या माणसाला हे सगळे तूच शिकवलेस त्यानेच ते केले, याची मला लाज वाटते. गेले चार दिवस मी नीट जेवलो नाही. (हे खोटे आहे. पण तुझ्याकडे पेढा तोंडात घालता आला नाही, हे खरे आहे.)

दादा, तूच हे वाचून दाखवत असशील, कारण हिचा चष्मा कधी जागेवर नसतो. तर पुढची तीन वाक्ये गाळू नकोस, मोठ्याने वाच. तुझी भीती खरी आहे आणि ती मलाही वाटली, तुझ्यापेक्षा जास्त, कारण दार माझ्या हातात होते. पण भीती मोटारीत बसणाऱ्याने बाळगायची, सायकलवालीने नाही. तू टेम्पोचे दार कोणत्या हाताने उघडतोस?

आता खाली पाहू नकोस, मोठीमाय तुझ्याकडेच पाहत असेल.

मोठीमाय, दादाचेही एक ऐकायचे. कापड दुकानांच्या पट्ट्यात गर्दी असेल तेव्हा उतरून सायकल हाताने न्यायची. तिथले नवरे वाढले आहेत.

मी माझ्या मोटारीचे दार मापले. अडीच हात आणि वर चार बोटे भरते. आपले माप जुन्या गाड्यांचे होते. बाबांना निरोप दिला आहे. हिवरखेडहून या वेळी पावणेतीन हाती, सरळ पाहून एक मोळी येत आहे. वाहकाने विचारले तर बाबा म्हणणार आहेत, पोराच्या शिक्षणाचे सामान आहे, त्याचे अजून संपले नाही.

आणि एवढे सगळे वाचूनही सायकल विकायचीच ठरली, तर गिऱ्हाइकाला परत पाठवावे. सायकल मी घेतो. परंतु अमरावतीला माझ्याकडे ती ठेवायला जागा नाही, दाराशी मोटार उभी असते. तरी ती तुझ्याच ओसरीत ठेवावी, आणि पडून गंजू नये म्हणून रोज पहाटे तू ती चालवून आणावीस, ही नम्र विनंती.

तुझा,
ढोपर फुटलेला पुतण्या